पडण्याची पूर्वतयारी

अहिल्यानगर हे नाव सरकारी कागदावर रुळलं असलं तरी बोलण्यात नगर अजून नगरच आहे, आणि त्या नगरात अलीकडे एक नवा गृहस्थ दिसू लागला आहे. वय चाळीस ते पन्नास. सावेडीत किंवा गुलमोहोर रोडला राहतं घर, मार्केट यार्डात गाळा नाहीतर दातांचा दवाखाना, मुलगा दहावीत, बीपीची गोळी अर्धी. बर्फाशी त्याचा आजवरचा संबंध रसवंतीपुरता: गोणपाटात गुंडाळलेली लादी, तिच्यावर बसणारा दणका, आणि ‘बर्फ कमी टाक रे’ ही सूचना. असा हा गृहस्थ येत्या जानेवारीत गुलमर्गला स्नोबोर्डिंग शिकायला निघाला आहे. दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फाच्या उतारावरून खाली यायचं, हा तो खेळ. या गृहस्थाला आपण सोयीसाठी होतकरू म्हणू, कारण या वयात ते विशेषण त्याला दुसरं कोणी लावणार नाही. होतकरूची तयारी दोन प्रकारची असते, अंगाची आणि अब्रूची. अंगाच्या तयारीला तो आठवड्यातले दोन दिवस देतो, अब्रूच्या तयारीला उरलेले सगळे. माझं म्हणणं असं की, या खेळात अब्रूची तयारी नुसती वाया जात नाही, ती अंगावर येते. जी एक तयारी खरोखर लागते, म्हणजे पडायची, ती तो गाडीत बसेपर्यंत टाळत राहतो.

अब्रूच्या तयारीची सुरुवात बातमीने होते. जायचं नक्की होण्याआधी ते जाहीर होतं. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर पांढऱ्याशुभ्र डोंगराचा फोटो पडतो, चितळे रोडला भाजी घेताना ‘जानेवारीत आपण नाही’ असं सांगून होतं. लग्नाच्या पंगतीत कोणी विचारलं, ‘काय शेठ, बर्फावर चालले म्हणं?’ की तो ‘बघू अजून’ म्हणतो. पण ज्या सुरात म्हणतो त्यावरून तिकीट काढलेलं आहे हे वाढप्यालाही कळतं. खरं तर नगरकराला काश्मीरची वाट सोपी आहे. पुण्याहून सुटणारी झेलम एक्सप्रेस नगरला थांबते आणि गाडी न बदलता जम्मूला नेऊन सोडते. तरी होतकरू विमानानेच जातो. झेलममध्ये रजा संपवून ड्युटीवर परत निघालेले जवान असतात, आणि त्यांच्यासमोर बर्फाच्या गप्पा मारायला जीभ जरा जड होते. मग येते खरेदी. बोर्ड आणि बूट गुलमर्गला भाड्याने मिळतात आणि नवशिक्याने ते भाड्यानेच घ्यावेत, कारण त्याला लवचीक आणि जरा आखूड बोर्ड लागतो, आणि हात बसला की तो बदलावाच लागतो. हे सगळं होतकरूला पाठ आहे. तरीही तो निम्मं सामान विकत आणतो, कारण भाड्याची वस्तू आलेल्या-गेलेल्याला दाखवता येत नाही. नोव्हेंबरच्या दुपारी, उन्हाने तापलेल्या गच्चीवर, डोक्यावर हेल्मेट आणि डोळ्यांवर आरशासारखा गॉगल चढवून उभ्या असलेल्या होतकरूच्या फोटोला पहिल्या तासात जितके अंगठे मिळतात, तितके त्याच्या मुलीच्या बारावीच्या निकालालाही मिळालेले नसतात.

त्यातल्या त्यात शास्त्रीय म्हणावी अशी एक चाचणी मात्र तो घरीच करून घेतो. बोर्डवर डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला रेग्युलर म्हणतात, उजवा ठेवणाऱ्याला गूफी. आपण कोणते हे ओळखायची जुनी युक्ती अशी की, माणूस बेसावध असताना कोणीतरी मागून ढकलायचं आणि तोल सावरायला जो पाय पुढे येईल तो पुढचा धरायचा. ही युक्ती घरात जाहीर झाल्यापासून होतकरूला आरशासमोर निवांत दाढी करता येत नाही. मुलगा ढकलतो, मुलगी ढकलते, एरवी गुडघे धरून चालणारी आई देवघरातून येता-येता एक हात टाकून जाते. ‘अहो, परत एकदा बघू, नीट कळलं नाही,’ असं बायको म्हणते. निकाल पहिल्याच धक्क्यात लागलेला असतो. पुढचे धक्के संसाराच्या जुन्या हिशेबातले असतात. लक्षात घेण्यासारखं हे की, प्रत्येक धक्क्यानंतर होतकरू अभिमानाने एकच गोष्ट सांगतो: ‘पडलो नाही.’ फ्रिजचं हँडल धरलेलं असतं, कधी दाराची चौकट, कधी मुलाचा खांदा. त्याच्या लेखी चाचणीचा निकाल डावा की उजवा हा नसतोच. आपण उभे राहिलो, एवढाच असतो.

अंगाची तयारी गच्चीवर चालते, सोलर आणि पाण्याची टाकी यांच्या मधल्या पट्ट्यात. चार इंची पीव्हीसी पाइपाचा हातभर तुकडा, त्यावर प्लायची फळी, फळीवर होतकरू, आणि होतकरूचा एक हात टाकीवर. तोल साधायचा हा व्यायाम चांगला आहे, फक्त तो टाकीवरचा हात काढल्यावर सुरू होतो. मांड्यांसाठी उठाबशा, आणि भिंतीला पाठ लावून हवेतल्या खुर्चीवर बसणं. हे दोन्ही प्रकार शाळेत गृहपाठ न केल्याबद्दल त्याच्याकडून फुकट करवून घेतले जात. आता तेच तो ट्रेनरला महिन्याची फी देऊन करतो. पण व्यायाम योग्यच आहेत हे मान्य केलं पाहिजे. टाचांच्या बाजूच्या कडेवर उभं राहायचं म्हणजे अर्धवट बसल्यासारखं वाकून राहायचं, आणि ते मांड्यांच्याच जिवावर होतं. यानंतर ओघानेच कळसूबाई. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वर जाणारी वाट, लोखंडी शिड्या, आणि १६४६ मीटरवर राज्यातलं सर्वांत उंच शिखर. होतकरू तिथे नवे बूट रुळवायला जातो. नवरात्रात देवीला निघालेली एखादी आजी अनवाणी, डोक्यावर पिशवी घेऊन, पहिल्याच शिडीवर त्याला मागे टाकते आणि ‘दम खा थोडा, दादा’ असं सांगून पुढे जाते. शिखरावर पोचून दोन बोटं उंचावलेल्या होतकरूला एक साधी वजाबाकी कोणी सांगत नाही. गुलमर्गचं मैदान २६५० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यावर ताठ उभा असलेला माणूस गुलमर्गच्या हॉटेलात रजई ओढून पडलेल्या माणसापेक्षा हजार मीटर खालीच असतो. तिथला गंडोला, म्हणजे रोपवे, त्याहीवर, अफरवट डोंगराच्या अंगाने जवळजवळ ४००० मीटरपर्यंत चढतो. तेव्हा चढायचं काम यंत्राचं. होतकरूकडे फक्त उतरायचं काम आहे, आणि कळसूबाईच्या सरावात त्याने नेमका उतार बुडावर बसून पार केलेला असतो. तेवढाच त्या दिवसातला उपयोगी सराव, पण त्याचा फोटो काढू दिलेला नसतो.

थंडीबद्दल त्याचा आत्मविश्वास अस्सल नगरी आहे. थंडीच्या लाटेत इथला पारा सहा-सात अंशांवर येतो आणि गारठलेल्या शहरांच्या यादीत नगरचं नाव पेपरात छापून येतं, त्यामुळे ‘आपल्याला काय, सवय आहे’ हे वाक्य तयारच असतं. गुलमर्गला जानेवारीतल्या रात्री पारा शून्याखाली दहा अंश सहज जातो, पण नवशिक्याला गारठवतो तो पाऱ्यापेक्षा स्वतःचा घाम. दर पाच मिनिटांनी पडायचं, उठायची धडपड करायची, घामाघूम व्हायचं आणि मग बर्फात बसून दम घ्यायचा, असा त्याचा दिवस असतो. सुती बनियन तो सगळा घाम पिऊन अंगाला गार चिकटतं. म्हणून आतला थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा हवा आणि बाहेरची पँट पाणी न शिरणारी हवी, कारण नवशिक्याची बैठक मुख्यतः बर्फावरच असते. या विषयातला जाणकार होतकरूच्याच गल्लीत राहतो. नगरला आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं आहे, आणि जिल्ह्यातल्या गावोगावी काश्मीर-लडाखचा बर्फ पाहून आलेले निवृत्त सुभेदार आणि हवालदार आहेत. गुलमर्गमध्ये तर १९४८पासून लष्कराची उंच पर्वतावरच्या युद्धाची शाळा आहे आणि तिथे जवानांना स्कीइंग शिकवतात. असा एखादा हवालदार विचारलं तर दोनच गोष्टी सांगेल: ‘मोजे कोरडे ठेवा, आणि पडला तर लाजत बसू नका, गारठाल.’ होतकरू मान डोलावतो आणि घरी येऊन कॅनडातल्या एका पोराचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ लावतो, कारण हवालदाराच्या सल्ल्यात विकत घेण्यासारखं काहीच नसतं.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू, कारण माझा मुख्य पुरावा तिथे आहे. स्कीइंगमध्ये दोन पाय दोन पट्ट्यांवर सुटे असतात, हातात काठ्या असतात, आणि जोरात पडलं तर बूट स्कीपासून सुटतो. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले, हात मोकळे, आणि कितीही आपटलं तरी पट्टे सुटत नाहीत. तोल गेला की पाय पुढे टाकून सावरायचं, ही जन्मभर वापरलेली युक्ती इथे बाद होते. उरतात हात. पडणारा माणूस आपसूक हात टेकतो, सगळा भार तळहातावर येतो आणि मनगट मोडतं; नवशिक्यांची ही ठरलेली दुखापत आहे, आणि मनगटाचे गार्ड बांधले तर तिचा धोका कमी होतो. पडायची रीतसर पद्धत आहे. पुढे पडताना मुठी मिटायच्या आणि भार गुडघ्यांवर व कोपरापर्यंतच्या हातांवर घ्यायचा. मागे पडताना आधी खाली बसायचं, हनुवटी छातीला लावायची, हात जवळ ओढून पाठीवर लोळायचं. उताराकडची कड बर्फात रुतली तर काय झालं हे कळायच्या आत माणूस आडवा होतो, म्हणून भार कायम चढाकडच्या कडेवर ठेवायचा असतो. शिकवणारे पहिला दिवस बसणं, उठणं आणि टाचेच्या कडेवर आडवं घसरणं यातच घालवतात. मग कुठे डावीकडून उजवीकडे झोके घेत उतरायचा धडा येतो. स्कीइंग सुरुवातीला सोपं आणि मुरायला अवघड, स्नोबोर्डिंगचं नेमकं उलट, असं या क्षेत्रातले लोक सांगतात. म्हणजे या खेळाचा सगळा जाच पहिल्या दोन-तीन दिवसांत साठलेला आहे आणि तो जाच म्हणजे पडणं. होतकरूची सहलही तेवढ्याच दिवसांची असते. त्याने पडणं वगळून उरलेल्या सगळ्याची तयारी केली आहे.

असं का व्हावं? गादी घरात आहे, गच्ची आहे, ढकलायला उत्सुक माणसं तर भरपूर आहेत. अडचण एकच, पडण्याला प्रेक्षक असतात. चाळिशीपर्यंत माणसाने एक उभं राहणं कमावलेलं असतं. गाळ्यावर हमाल त्याला शेठ म्हणतात, सोसायटीच्या मीटिंगला त्याची खुर्ची ठरलेली असते, आणि हे सगळं उभ्या माणसाचं असतं. नगरच्या हवेत तर पडण्याचा निकाल आधीच लागलेला आहे. २०२५ची महाराष्ट्र केसरी याच शहरात वाडिया पार्कला झाली आणि पाठ टेकली की नाही टेकली यावरून तिथे उठलेला वाद राज्यभर गाजला. पाठ टेकली की कुस्ती संपली, एवढं कुस्तीतलं ज्याला त्याला कळतं. पण त्याच कुस्तीची तालीम होतकरूने जवळून पाहिलेली नसते. तालमीतली माती आपोआप मऊ नसते. ती खणतात, चाळतात, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू कालवतात, रोज फावड्याने उलटून घेतात. रोज पडायचंच आहे हे गृहीत धरून केलेली ही व्यवस्था आहे. जो पैलवान वाडिया पार्कला एकदा पाठ लागू देत नाही, त्याची पाठ तालमीत हजार वेळा मातीला लागलेली असते. होतकरू मात्र वाडिया पार्कची नक्कल करतो आणि तालमीचा रस्ता टाळतो. स्वेटरच्या तिसऱ्या खरेदीऐवजी चार संध्याकाळी मातीत लोळून आला असता, तर त्याला गुलमर्गचा पहिला दिवस निम्मा सोपा गेला असता.

यावर कोणी म्हणेल, लहान मुलं काहीही तयारी न करता झटकन शिकतात, तेव्हा हा सगळा वयाचा प्रश्न आहे, अब्रूचा नाही. अर्धं खरं आहे. मुलाचं वजन कमी असतं, ते जमिनीच्या जवळ असतं, त्याची हाडं लवकर सांधतात. पण नगरमध्येच वयाने मोठे आणि तरी पटकन शिकणारे नवशिके आहेत, आणि त्यांच्याकडे पाहिलं की उरलेलं अर्धं कारण समजतं. पस्तिशी-चाळिशीत स्कूटी शिकलेल्या बायका घ्या. कॉलेजच्या ग्राउंडवर, सकाळी, मागे धावणारा नवरा किंवा भाऊ, बाजूला क्रिकेट खेळणारी आणि खिदळणारी पोरं, अशा थाटात त्यांचं शिक्षण झालेलं असतं. ड्रेसला माती लागली, आरसा फुटला, दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. अशी बाई बर्फावर गेली तर ती फार विचार न करता पडते, हसते आणि उठते, कारण चारचौघांत पडण्याची पहिली फी तिने केव्हाच भरून टाकलेली असते. होतकरूने सायकल दहाव्या वर्षी शिकली, मोटरसायकल अठराव्या वर्षी, आणि त्यानंतर त्याने ज्यात आपण कच्चे दिसू असं काही चारचौघांत केलेलंच नाही. वीस-पंचवीस वर्षं कच्चं न दिसलेल्या माणसाला पडणं शिकवायचं म्हणजे गुडघ्याच्या आधी मान वाकवावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर सुरात येतो. ज्या जिल्ह्यात पाथर्डी, जामखेडला उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, तिथल्या माणसाने गोठलेल्या पाण्यावरून घसरायला पैसे उधळावेत का? प्रश्न योग्य आहे, फक्त तो सोयीने विचारला जातो. याच घरातलं लग्न हजार पानांचं झालं, याच घरातले लोक दुबईला मॉल बघून आले, तेव्हा टँकरची आठवण कोणाला झाली नव्हती. भाड्याचा बोर्ड, शिकवणारा आणि राहणं-खाणं एवढ्याचा खर्च धरला तर ही सहल तशा लग्नाच्या मांडवापेक्षा स्वस्तच पडते. फुगवटा येतो तो अब्रूच्या खरेदीने. तेव्हा उधळपट्टीची टीका होतकरूवर करायची असेल तर ती बर्फावर न करता त्या तिसऱ्या स्वेटरवर करावी. आणि कोणी असं विचारेल की मग तयारी करूच नये का, तर जरूर करावी. मांड्या कमवाव्यात, हेल्मेट घालावं, विमा उतरवावा, उंचीवर पोचल्यावर पहिला दिवस अंगाला सवय होऊ द्यावी, गॉगल न विसरता लावावा, कारण बर्फावरून परतणारं ऊन डोळे भाजून काढतं. या यादीतली प्रत्येक गोष्ट पडल्यावर उपयोगी पडते. पडलोच नाही असं भासवायला जी वस्तू घेतली, ती यादीतून खुशाल काढून टाकावी.

राहिला प्रश्न, या वयात जावंच कशाला? याला उत्तर खेळाच्या इतिहासातच आहे. १९६५च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी बनवली. त्या खेळण्यातून पुढे स्नोबोर्ड घडला आणि १९९८ साली नागानोला तो ऑलिम्पिकमध्ये पोचला. पॉपेन स्वतः मात्र आधुनिक स्नोबोर्डवर उभं राहायला शिकला तो साठी उलटल्यावर. ज्याच्या घरात हा खेळ जन्मला त्यालाही म्हातारपणी नवशिका व्हावं लागलं, तिथे मार्केट यार्डातल्या गाळेवाल्याने बेचाळीस वयाची सबब सांगू नये. माझ्या मते होतकरू जातो तेही नेमकं याचसाठी, फक्त ते तो कबूल करत नाही. गाळ्यावर दिवसभर आठ माणसांना उठ-बस करायला लावणारा हा माणूस गुलमर्गला वीस वर्षांच्या एका काश्मिरी पोरासमोर उभा राहतो. तो पोरगा म्हणतो, ‘अंकल, बैठो,’ आणि हा बसतो. तो म्हणतो, ‘अंकल, उठो,’ आणि हा उठतो, अर्ध्यात परत बसतो. शेजारून सहा वर्षांची एक मुलगी त्याला वळसा घालून निघून जाते. तिथे त्याला शेठ म्हणणारं कोणी नसतं, आणि संध्याकाळपर्यंत हे त्याला आवडायला लागलेलं असतं. एवढ्यासाठी पैसे मोजायला माझी काही हरकत नाही. निघण्यापूर्वी त्याने फक्त यादी आखडती करावी: मनगटाचे गार्ड आणि थोडा कोडगेपणा. गार्ड ऐन वेळी कुठे ना कुठे मिळून जातील. कोडगेपणा मात्र तिथे भाड्याने मिळत नाही, तो नगरहूनच भरून न्यावा लागतो.